आरोप न कळताही खिळवून ठेवणारी कादंबरी

प्रश्न : फ्रान्झ काफ्का यांच्या ‘द ट्रायल’ या कादंबरीत नायकावरचा आरोप अखेरपर्यंत कळत नाही, तरीही ती हातातून सुटली नाही. असे का व्हावे?

उत्तर : काफ्का यांच्या निधनानंतर, १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी स्वतःच्या विचित्र जगाशी कुठेही प्रतारणा करत नाही. तिसाव्या वाढदिवशी सकाळी अटक झालेला योसेफ के. बँकेतील नोकरीवर मात्र जाऊ शकतो. न्यायालयाची दफ्तरे गरीब वस्तीतील इमारतीच्या माळ्यावर असतात आणि तिथल्या कोंदट हवेत त्याला भोवळ येते, तर तिला सरावलेल्या कर्मचाऱ्यांना बाहेरची ताजी हवाच सोसत नाही. हे सारे स्वप्न होते, अशी पळवाट लेखक देत नाही. पुढे एक चित्रकार त्याला सुटकेचे तीन प्रकार समजावतो : खरी निर्दोष मुक्तता, वरवरची मुक्तता आणि खटला लांबवत ठेवणे, पैकी पहिली कोणाला मिळाल्याचे त्याने स्वतः कधी पाहिलेले नसते. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो, कारण इतक्या काटेकोर तपशिलामुळे ‘हे शक्य आहे का’ हा प्रश्न मागे पडतो आणि के.ने आता काय करावे, याची काळजी वाचकालाच लागते.