ते वाक्य त्याला घरात मोठ्याने वाचायला सांगा

ताई, सोलापूरहून आलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सामना संपला की मित्रांच्या ग्रुपवर लिंक येते आणि सगळे मिळून समोरच्या देशातल्या कुणावर तरी तुटून पडतात. ढाक्याच्या एका मुलीने बांगलादेशच्या संघाची जर्सी घालून फोटो टाकला, त्याखाली त्याने जे लिहिलं ते तुम्हाला पत्रातही उतरवून काढवलं नाही. विचारलंत तर म्हणाला, "ते आपल्या देशाला शिव्या देतात, आम्ही गप्प बसायचं?" वडील म्हणतात, देशाभिमान आहे, असू दे. मोबाइल काढून घेऊ का आणि त्या मुलीची माफी मागायला लावू का, असं तुम्ही विचारता.

मोबाइल काढून घेऊ नका. तो मित्राच्या मोबाइलवरून लिहील आणि तुम्हाला कळणारही नाही. ते वाक्य त्याला वडिलांसमोर मोठ्याने वाचायला सांगा. मध्ये बोलू नका. बहुधा त्याच्याच्याने ते पूर्ण वाचवणार नाही.

त्याचा प्रश्न मात्र उडवून लावू नका. पलीकडूनही शिव्या येतात, हे खरंच आहे. पण शिवी दिली एकाने आणि खायची भलत्याच मुलीने? शिवाय ही झुंड परक्यांवर थांबत नाही. २०२२च्या आशिया चषकात पाकिस्तानविरुद्ध एक झेल सुटला, तर अर्शदीप सिंगला खलिस्तानी ठरवलं गेलं. त्याच्या विकिपीडियावरच्या पानातही कुणी तसं घुसडलं. मे २०२५ मध्ये शस्त्रसंधी जाहीर केली म्हणून परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांच्यावर आणि त्यांच्या मुलीवरही इतकी गरळ ओकली गेली की त्यांना एक्सवरचं खातं लॉक करावं लागलं. अर्शदीप आणि मिस्री, दोघेही देशाचंच काम करत होते.

वडिलांना डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण करून द्या. तुमच्याच गावचे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर चीनमधल्या युद्धातल्या जखमींवर उपचार करायला गेले. चौघे परतले. कोटणीस तिथेच राबले आणि १९४२ मध्ये, बत्तीसाव्या वर्षी, तिथेच वारले. सोलापुरात त्यांचं स्मारक आहे. एखाद्या रविवारी बापलेकांनी मिळून जाऊन यावं. देशाभिमान मुलाला बापाने शिकवावा, ग्रुपवर लिंक टाकणाऱ्या कुणा अनोळखी माणसाने नव्हे. हे मी अगदी कळकळीने सांगते आहे.

आता माफीचं. त्या मुलीला मेसेज करायला लावू नका. अनोळखी भारतीय मुलांचे असले मेसेज तिला आधीच आले असतील. आणखी एक नाव दिसलं तरी तिच्या पोटात गोळा येईल, आत 'सॉरी' लिहिलेलं असलं तरी. त्याने आपली कमेंट काढावी, खालच्या बाकीच्या घाणेरड्या कमेंट रिपोर्ट कराव्यात आणि पुढची लिंक आली की ग्रुपवर लिहावं, "मी यात नाही." हे सगळ्यांत अवघड आहे. मित्र त्याला देशद्रोही म्हणतील. तेव्हा वडील त्याच्या बाजूने उभे राहतील, एवढं त्यांच्याकडून आजच कबूल करून घ्या.