पाचारणाचा शोध घेणाऱ्या नवविश्वासी भावास

प्रिय भाऊ, बाप्तिस्म्यानंतर इतक्या लवकर देवाने आपल्याला कशासाठी बोलावले असेल, हा प्रश्न तुम्हाला पडला याचा मनापासून आनंद वाटला. पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, झाल्यावाचून देवाची सेवा होत नाही असे धरून शेती सोडण्याची घाई करणे, ही सुरुवातीची नेहमीची चूक आहे. येशूचा संदेश पसरवणारा प्रेषित पौल करिंथ शहरात तंबू करण्याचा व्यवसाय करीत सुवार्ता सांगत होता. तेव्हा कपाशीची वेचणी अर्धवट टाकू नका.

दुसरे, एकट्याने निर्णय घेऊ नका. बायबलमध्ये देवाने हाक मारली तेव्हा लहानगा शमुवेल तीनदा याजक एलीकडेच धावला, आणि ती हाक कोणाची हे एलीच्याच ध्यानात आले. मंडळीतील, म्हणजे आपल्या चर्चमधील, एखाद्या जाणत्या वडीलधाऱ्याशी बोला. शक्यतो तुमच्या घरच्यांना ओळखणारा असावा, कारण तुमच्या निर्णयाची झळ त्यांनाही लागणार आहे.

तूर्त शेतावर निघण्यापूर्वी रोज बायबलमधील मार्काच्या शुभवर्तमानाचा एक अध्याय वाचा, आणि मंडळीत जे काम कोणी घेत नाही ते घ्या, मग ते उपासनेआधी सतरंज्या अंथरणे असो वा एकट्या म्हातारीला एसटीने तालुक्याच्या दवाखान्यात नेणे असो. कोणत्या कामातून इतरांना खरा आधार मिळतो, हे काही महिन्यांत मंडळीच तुम्हाला सांगेल. कृपादाने (सेवेसाठी देवाने दिलेली देणगी) आणि सेमिनरी (पाळकांचे शिक्षण देणारी संस्था) यांविषयी त्यानंतर अवश्य बोलू.