मुलाचं व्यसन कोर्टापासून लपवू नका

प्रश्न : माझा मुलगा (वय २३) चाकणला एका कंपनीत कंत्राटी कामगार आहे. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून मित्रांच्या नादाने एमडी हा अमली पदार्थ घ्यायला लागला, त्याला दीड वर्ष झालं. गेल्या आठवड्यात नाकाबंदीत तो आणि त्याचा मित्र एकाच दुचाकीवर पकडले गेले. मुलाच्या खिशात दीड ग्रॅमची पुडी सापडली, मित्राकडे नऊ ग्रॅम. दोघांवर एकच गुन्हा दाखल झालाय आणि मुलगा सध्या येरवडा कारागृहात आहे. ओळखीचे एक जण म्हणतात, "गुन्हा कबूल करायला लावा, दंड भरून सुटेल." माझा भाऊ म्हणतो, सुटला की गावाकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात सहा महिने डांबून ठेवू. व्यसनाचा विषय कोर्टात काढूच नये, पुढे लग्नाला, नोकरीला आडवं येईल, असं घरच्यांचं मत आहे. मी काय करू?
– एक आई, जुन्नर तालुका

उत्तर : ताई, घरच्यांची भीती मला समजते, पण या प्रकरणात मुलाचं व्यसन झाकणं म्हणजे त्याचा सगळ्यात भक्कम बचाव आपल्या हाताने सोडून देणं. ते का, हे सांगते. त्याआधी एक तातडीची गोष्ट. एफआयआरची प्रत आणि पंचनामा मिळवा आणि मुलावर कोणती कलमं लावलीत ते पाहा.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्यात शिक्षा वजनावर ठरते. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, दोन ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ते 'अल्प प्रमाण', आणि त्याला कलम २२ खाली जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन ते पन्नास ग्रॅमपर्यंत असेल तर शिक्षा थेट दहा वर्षांपर्यंत जाते, वर एक लाखापर्यंत दंड. तुमच्या मुलाकडचा दीड ग्रॅम स्वतंत्र धरला तर तो पहिल्या गटात येतो. पण पोलिसांनी कलम २९, म्हणजे संगनमत, लावलं असेल तर दोघांचा माल एकत्र धरून साडेदहा ग्रॅमचा गुन्हा उभा करायचा प्रयत्न होईल. तुमच्या प्रकरणातली खरी लढाई इथे आहे.

म्हणून पंचनाम्यात कुणाच्या अंगझडतीत काय मिळालं हे वेगवेगळं लिहिलंय का, ते वकिलांना बारकाईने पाहायला सांगा. वजन पुडीसकट केलंय की आतल्या पावडरीचं, हेही पाहायला हवं. पावडरीत भेसळ असली तर ती वजनातून वजा होत नाही. २०२० च्या हीरा सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणाचं एकूण वजन धरायला सांगितलंय. प्लॅस्टिकच्या पिशवीचं वजन मात्र त्यात येत नाही, आणि दीड ग्रॅमच्या प्रकरणात तेवढंही महत्त्वाचं ठरू शकतं.

खिशाची झडती ही अंगझडती असल्याने कलम ५० लागू होतं. राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा न्यायदंडाधिकाऱ्यासमोर आपली झडती करवून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे, हे आरोपीला आधी सांगावंच लागतं. दोघांना मिळून एकच कागद दाखवला असेल तर तो चालत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र सांगायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये परमानंद प्रकरणात स्पष्ट केलंय. नाकाबंदीत घाईगडबडीत हे राहून जातं. मुलाला भेटाल तेव्हा त्याला नेमकं हेच विचारा: तुला काय सांगितलं, कुठे सही घेतली, मित्राची सही त्याच कागदावर होती का?

जामिनाबद्दल. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र ठरवले आहेत. म्हणजे पोलीस ठाण्यातून जामीन नाही, कोर्टाकडे मागावा लागेल. पण कलम ३७ च्या कडक अटी प्रामुख्याने व्यावसायिक प्रमाणासाठी आहेत, म्हणजे एमडीच्या बाबतीत पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त. साडेदहा ग्रॅम धरले तरी त्या अटी लागत नाहीत. फक्त कलम २७-अ, म्हणजे व्यापाराला पैसा पुरवणं, घुसडलेलं नाही ना, हे पाहा. ते असेल तर याच कडक अटी लागतात.

आता व्यसनाचं. याच कायद्यात कलम ६४-अ आहे. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा शासनमान्य रुग्णालयात उपचार घ्यायला तयार असेल आणि ते घेत असेल, तर त्याच्यावर त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. २०१२ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने एका सिनेअभिनेत्याला याच कलमाखाली मोकळं केलं. त्याने केईएम रुग्णालयात उपचार घेतले होते. चाकणच्या कंत्राटी पोराला ते कलम तितकंच लागू आहे, पण त्याचं नावही कुणी त्याच्या कानावर घालत नाही, याचा मला संताप येतो. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ४ लाख ३६ हजारांच्या जागेत ५ लाख ७३ हजार माणसं होती, त्यातली सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे निकाल न लागलेले. आजारी पोराला त्या गर्दीत ठेवून त्याचं व्यसन सुटत नाही.

पण हे संरक्षण 'व्यसनी' माणसाला आहे, गंमत म्हणून एकदा घेणाऱ्याला नाही. म्हणून पुरावा लागेल: आधीचे डॉक्टरांचे कागद, कामावरचे खाडे, घरातून पैसे गेल्याच्या तारखा. हे संरक्षण मागण्याच्या अर्जावर सही त्याची स्वतःची हवी, तुमची चालणार नाही. कारागृहातल्या डॉक्टरांकडून तपासणी व्हावी असा अर्ज आजच करा; एमडी अचानक सुटलं की झोप उडते, मन खचतं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचारही येऊ शकतात. भेटीत त्याच्याकडे तेवढं लक्ष द्या.

"कबूल करून टाक" हा सल्ला मानू नका. दंडावर सुटला तरी तो दोषी ठरलेला असेल, आणि पुन्हा सापडला तर कलम ३१ खाली कमाल शिक्षा दीडपट होते. नोकरी-लग्नाला आडवं येईल ते हे. कोर्टाने अल्प प्रमाणात दोषी धरलंच, तर कलम ३९ खाली कैदेऐवजी उपचारासाठी सोडण्याची विनंती करता येते.

भावाला सांगा, डांबून ठेवणं हा उपचार नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाधीनतेशी निगडित आजार येतात, आणि रुग्णाला साखळीने बांधायला त्यात सक्त मनाई आहे. शिवाय जबरदस्तीने भरती केलेला मुलगा 'स्वतःहून' उपचार घेतोय, असं कोर्टाला कसं सांगणार? तुमच्यासाठी पुण्यातलं ससून रुग्णालय किंवा येरवड्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र बघा. कारागृहाच्या भेटीला आलात की तिथेही जाऊन या. केंद्राच्या शासनमान्यतेचा कागद मात्र आधी मागून घ्या, तो अर्जाला जोडावा लागेल. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत क्रमांक आहे. वकिलाची फी झेपत नसेल तर १५१०० वर फोन करून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मागा. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.