स्टिरिओ घरीच बदलल्यावर केबिन लाइट आणि घड्याळ बंद पडलं, काय तपासू?

आधी फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत रूम लाइट, घड्याळ आणि स्टिरिओची मेमरी एकाच फ्यूजवर असते, आणि स्टिरिओची पिवळी वायर, जिच्यात चावी काढली तरी करंट असतो, ती काम करताना बॉडीला नुसती टेकली तरी तो उडतो. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर रूम किंवा डोम लिहिलेलं असेल, तो काढून उजेडात धरा, आतली तार तुटलेली दिसेल. नवा तेवढ्याच अँपिअरचा घाला, १५ च्या जागी २० अजिबात नको, वायरिंग जळतं.

परत उडाला तर स्टिरिओमागचे जॉइंट बघा. नुसती टेप गुंडाळलेली असेल तर आपल्या गोव्याच्या दमट हवेत ती सुटते आणि तांबं हिरवं पडतं, सोल्डर करून हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आकसून जॉइंटवर घट्ट बसणारी नळी, लावा. आणि हात घालायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढाच.