वीणा घ्यायची आहे, हात पसरू का?

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे. परभणीत सतारीच्या शिकवण्या घेते, अकरा मुलं येतात. स्वतः सतार नऊ वर्षं शिकले आणि गेली दोन वर्षं महिन्यातून एकदा पुण्याला जाऊन रुद्रवीणा शिकते. तिथं गुरुजींच्या जुन्या वीणेवर हात बसवते, घरी आलं की पुन्हा सतारीवरच आलाप घोटायचा. आता स्वतःची वीणा हवी. कारागिरांनी पेटीसकट १ लाख ९० हजार सांगितलेत, माझ्याजवळ ६२ हजार आहेत. बाबा म्हणतात, एवढ्यात चांगली स्कूटर येईल. आणि मी रुद्रवीणेला तिच्या दुसऱ्या नावानं ‘बीन’ म्हटलं की विचारतात, नाग कुठंय? मैत्रिणीच्या सांगण्यावरून ऑनलाइन निधी गोळा करायचं ठरवलं, आवाहनही लिहिलं : ‘लुप्त होत चाललेली महान परंपरा वाचवण्यासाठी मदतीचा हात द्या.’ पण ते पाठवायला बोट धजत नाही. स्वतःच्या वाद्यासाठी लोकांपुढं हात पसरावा का? की सरळ कर्ज काढू?
– एक वाचक, परभणी

उत्तर : माझ्या धाकट्या लेकीपेक्षा तू लहान, म्हणून ‘तू’च म्हणतो.

बोट धजत नाही ते बरोबरच आहे, कारण ते वाक्य तुझं नाही. परंपरा वाचवायला १ लाख ९० हजार पुरत नाहीत आणि ती एकट्या तुझ्या खांद्यावरही नाही. तुला वीणा हवी आहे, तर ‘मला वीणा हवी आहे’ एवढंच लिही. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

माझी गोष्ट सांगतो. १९८४ साली मी सांगलीत एका बँकेत कारकून होतो, पगार साडेअकराशे. मला सूरबहार, म्हणजे सतारीचा खर्जात बोलणारा मोठा भाऊ, घ्यायचा होता आणि मिरजेच्या कारागिरानं सांगितले ३२००. एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांकडं तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला ५१ रुपये मिळाले, वर शास्त्रीय संगीताच्या ऱ्हासावर पाऊण तासाचं व्याख्यान. आमच्या गल्लीतल्या शिंप्यानं मात्र कापडाच्या घडीखालून २५ रुपये काढून दिले आणि एवढंच म्हणाला, “आलं की आधी मला ऐकवायचं.” पुढं एकवीस वर्षं खंडेनवमीला त्याच्या शिवणयंत्राशेजारी माझा सूरबहार पूजेला असायचा आणि पूजा झाली की अर्धा तास वाजवायचो. त्याला राग कळत नसत. “आज ते खालचं घुमलं नाही” हे मात्र बरोबर कळायचं. उरलेले बरेचसे पैसे भिशीतून आले. बाराजणांची भिशी, महिना दोनशे, पहिला नंबर मला द्या म्हणून मी सगळ्यांच्या पाया पडलो होतो.

तेव्हा हात पसर, पण ज्यांनी तुला ऐकलंय किंवा जे ऐकायला येतील त्यांच्यापुढं. तुझ्या अकरा मुलांच्या घरी एकेक संध्याकाळ बस. सतार घेऊनच बस, वीणा नाही म्हणून अडत नाही. गणेशोत्सवात, कोजागरीला, एखाद्याच्या एकसष्टीला वाजव आणि मानधन तोंडानं माग. ‘द्याल ते’ म्हणालीस की लोक शाल-श्रीफळ देतात. नारळाच्या तारा होत नाहीत. माझ्याकडं अशा बत्तीस शाली आहेत आणि मिरजेत थंडी पडते दीड महिना.

आता वाद्याकडं येतो, कारण तुझ्या पत्रात एक गोष्ट राहिली आहे. तुमच्याकडं बीन कशी धरतात? उस्ताद असद अली खाँ एक तुंबा, म्हणजे भोपळा, डाव्या खांद्यावर घेऊन वाजवत. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर दक्षिणेकडच्या वीणेसारखी आडवी घेऊन बसत. त्यांनी कोलकात्याच्या कारागिरांकडून भोपळे मोठे आणि दांडी जाड करून घेतली, खर्जातला आलाप अधिक घुमावा म्हणून. ते वाद्य खांद्यावर पेलायचं नाही. पडदेही काही वीणांवर मेणानं बसवतात, काहींवर दोऱ्यानं बांधतात. म्हणजे तू ‘एक रुद्रवीणा’ मागवलीस तर तुला कुणाची तरी वीणा मिळेल, तुझी मिळेलच असं नाही. गुरुजींकडून मापं लिहून घे : दांडीची लांबी, घेर, दोन तुंब्यांमधलं अंतर. जमलं तर त्यांना घेऊनच कारागिराकडं जा.

आणि ही वीणा दुकानातून उचलून आणायची चीज नव्हे. सतारीला एक भोपळा लागतो, हिला दोन, तेही एकमेकांशी जुळणारे. मिरजेला भोपळा येतो तो मुख्यतः पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. तो वेलावरच पिकू देतात, मग वाळवतात आणि त्यातून मनाजोगती जोडी निवडतात. कधीकधी जोडीसाठी पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागतं. तुला हा विलंब वाटेल, मला ती तुझी सोय वाटते. कारागिराला सांग, पैसे तीन हप्त्यांत देते : विसार आत्ता, दुसरा हप्ता भोपळे-दांडी जुळल्यावर, तिसरा जवारी लागून, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज जुळल्यावर, वीणा हातात आली की. १ लाख ९० हजारांचा तिसरा हिस्सा ६३ हजार होतो. तुझ्याकडं ६२ आहेत. अगं, विसार तुझ्याजवळ आहेच की! लोकांकडं जाताना ‘घ्यायची आहे’ म्हणण्याऐवजी ‘करायला टाकली आहे’ म्हणता येईल. ऐकणाऱ्याला या दोन वाक्यांतला फरक लगेच कळतो.

आता रुक्ष भाग. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे : दरमहा ५ हजार, दोन वर्षं. हिशेब कर, १ लाख २० हजार होतात, तुझी तूट १ लाख २८. पण किमान पाच वर्षांची तालीम मागतात, म्हणून अर्ज सतारीचा की वीणेचा हे आधी गुरुजींशी बोल. आणि तुझं वय २४ आहे, पुढच्या वर्षी बघू म्हणू नकोस. पैसे सहा-सहा महिन्यांच्या हप्त्यानं येतात, तेव्हा त्यावर डोळा ठेवून कारागिराला तारखा देऊ नकोस.

ऑनलाइन निधी गोळा करणार असशील तर आयकराचं ऐक. नातेवाइकांखेरीज इतरांकडून भेट म्हणून मिळालेली रक्कम वर्षात ५० हजारांच्या वर गेली, तर सगळीच्या सगळी उत्पन्नात धरतात, फक्त वरची नव्हे. तुझं एकूण उत्पन्न बघता कर कदाचित लागणारही नाही, पण परभणीतल्या एखाद्या सीएला अर्धा तास विचार. देणाऱ्यांना ‘करात सूट मिळेल’ असं चुकूनही लिहू नकोस. ती सूट त्यासाठी नोंदवलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर असते, परभणीच्या मुलीच्या वीणेवर नाही.

कर्ज शेवटी. काढलंसच तर तिसऱ्या हप्त्यापुरतं, आणि हप्ता तुझ्या शिकवणीच्या फीमधून सुटेल एवढंच. बाबांच्या सहीनं काढू नकोस, नाहीतर स्कूटर रोज ऐकावी लागेल.

आवाहन मी असं लिहीन, हवं तर घे : ‘मी रुद्रवीणा करायला टाकली आहे. किंमत १ लाख ९० हजार, ६२ हजार माझे भरले आहेत. उरलेल्यांसाठी मी सतारीच्या घरगुती बैठकी करते आहे, तुमच्याकडे बोलवा. वीणा आली की पहिल्या वर्षात, ज्यांनी मदत केली त्या प्रत्येकाला मी ती ऐकवीन. हिशेब दर महिन्याला कळवीन.’ हिशेब खरंच कळव. कुणी ५० रुपये दिले असतील तर तेही नावासकट वहीत दिसले पाहिजेत.

पेटी मात्र किमतीतून वगळू नकोस, पैसे कितीही कमी पडले तरी. मी दोनशे रुपये वाचवायला पेटी नंतर करू म्हणालो. पहिल्याच बाहेरगावच्या कार्यक्रमाला सूरबहार टेम्पोत, दोन उशा आणि आईच्या गोधडीवर. कराडच्या अलीकडं खड्डा आला आणि भोपळा असा वाजला की मी अख्ख्या प्रवासात मागं वळून बघितलं नाही. कारागिरानं आतून कापड आणि सरस लावून सांधला, पैसे घेतले नाहीत, फक्त माझ्याकडं बघितलं. ती भेग अजून आहे आणि पावसाळ्यात बोलते.

बाबांना एकदा पुण्याला घेऊन जा. समजवायला म्हणून नव्हे. गुरुजी खर्जाची तार लावत असतील तेव्हा नुसतं जवळ बसव.

प्रश्न : आजोबांचा दिलरुबा (गजाने वाजवायचे तंतुवाद्य) माळ्यावर पडून आहे. साठ-सत्तर वर्षांचा तरी असेल, कडेला पांढरी नक्षी आहे. जुन्या वस्तूला चांगली किंमत येते म्हणतात. कुठे विकावा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : विकण्याआधी ती पांढरी नक्षी कशाची आहे ते जाणकाराला दाखवा. हाडाची किंवा प्लॅस्टिकची असेल तर प्रश्न नाही. हस्तिदंत निघाला तर वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याची खरेदी-विक्री बंद आहे, मग आजोबांचा असो की पणजोबांचा.

किमतीचं म्हणाल तर वयावर फार आशा ठेवू नका. माळ्यावर इतकी वर्षं काढलेल्या दिलरुब्याचं कातडं सैल पडलेलं असतं, तरफांच्या, म्हणजे आपोआप गुंजणाऱ्या खालच्या तारांच्या, खुंट्या फिरत नाहीत, लाकडाला भुंगा लागलेला असू शकतो. दुरुस्तीचा खर्च वजा केला की हातात फारसं उरत नाही. शिवाय दिलरुबा वाजवणारे मुळात कमी. त्यापेक्षा नीट करून घ्या आणि एखाद्या शिकणाऱ्याला दोन वर्षांसाठी वापरायला द्या, कागदावर लिहून, नावगाव आणि परत करायची तारीख टाकून. वाजता राहिला तर पुढं विकतानाही बरा भाव येईल. वरच्या पत्रातल्या मुलीसारखी कितीतरी मुलं दुसऱ्याच्या वाद्यावर हात बसवत असतात.

खाली काढाल तेव्हा दांडीला धरून ओढू नका, पोटाखाली हात घाला. आणि गजाला राळ लावायच्या आधी केसांत कसर लागली आहे का ते बघा.