सगळ्यांनी हात वर केला, मग हिनं पण केला

प्रश्न: मॅडम, आम्ही राजारामपुरीत राहतो, मुलगी आठवीत आहे. परवा वर्गात सरांनी विचारलं, कुणाचं उत्तर २४ आलं, हात वर करा. सगळ्यांनी केले म्हणून हिनंपण केला. वहीत हिचं १८ होतं आणि तेच बरोबर निघालं! घरी येऊन लई रडली. माझी पोरगी भित्री आहे का हो?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर: अजिबात नाही ताई, आधी तिला जवळ घ्या. अहो मोठी माणसं पण असंच करतात, दहाजण एका मिसळीला भारी म्हणाले की आपल्याला दुसरीकडची आवडत असली तरी आपण मान डोलावतोच की. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं १९५१ च्या सुमारास अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला, एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, त्यातली कुठली पहिलीएवढी ते सगळ्यांसमोर सांगायचं, बास. लहान पोरगं पण सांगेल इतकं सोपं, पण खोलीत खरा उमेदवार एकच, बाकीचे ठरवून बसवलेले आणि १८ पैकी १२ वेळा ते सगळे एकसारखं चुकीचं सांगायचे. त्या १२ वेळी उमेदवारांची जवळपास ३७ टक्के उत्तरं चुकली, चारातले तीन जण तर एकदा तरी गर्दीच्या मागं गेलेच. एकट्यानं उत्तर लिहायला दिलं तेव्हा मात्र चूक १ टक्क्याच्या पण आत.

नंतर विचारलं तर काहीजण म्हणाले, वाटलं आपलंच काहीतरी चुकत असेल. काहींना आपलं बरोबर आहे हे माहीत होतं पण सगळ्यांत वेगळं पडायचं नव्हतं. तुमच्या मुलीचं यातलं कुठलं झालं ते तिला निवांत विचारा, कारण पहिलं असेल तर १८ कसं आलं ते तिच्याकडून समजून घ्या, बोलता बोलता तिचाच विश्वास बसंल. दुसरं असेल तर गणिताचा प्रश्नच नाही, वर्गातल्या मैत्रिणींबद्दल बोला.

आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट ही, ॲशनं एकाच माणसाला खरं उत्तर द्यायला बसवलं तर चुका ५ टक्क्यांच्या आसपास आल्या! एकच सोबती पुरला बघा. म्हणून सरांना भेटाच, हात वर करायच्या आधी सगळ्यांनी उत्तर वहीत लिहून पेन खाली ठेवायचं एवढं सुरू करा म्हणावं, वर्गात १८ वाली अजून एखादी नक्की असेल.