उपचार संपले, बिल उरलं

प्रश्न : सासऱ्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. विमा होता, तरी बिलाचा मोठा भाग आमच्या अंगावर आला. त्यासाठी मी माझ्या नावावर कर्ज काढलं. थोडी रक्कम अजून रुग्णालयाला द्यायची आहे. धाकटे दीर म्हणतात, “ज्याने त्याने आपली सोय बघावी. सरकारने सगळ्यांचे उपचार करायचे ठरवले, तर माझ्या करातून कुठल्यातरी सिगारेट ओढणाऱ्याचं भलं होणार. आणि फुकट म्हटलं की उधळपट्टी आली, रांगा आल्या.” मला पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही. त्यांचं काय चुकतं? आणि उरलेल्या बिलाचं काय करू?

उत्तर : सासरे तुमच्या दिरांचे वडील आहेत ना? मग ‘ज्याने त्याने’च्या हिशेबात कर्ज सुनेच्या नावावर कसं आलं, हे आधी त्यांना विचारा. असो. रांगांबद्दल मात्र ते बरोबर बोलतायत, त्याकडे येतेच.

मी रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरमागे नोकरी केली आहे. एक मोबाइल घ्यायला चार दुकानं फिरणारी माणसं तिथे न वाचता सह्या करायची. वाचून तरी काय करणार? स्टेंट कुठला घालायचा हे डॉक्टर ठरवणार, आयसीयूत किती दिवस राहायचं हे शरीर ठरवणार आणि एकूण आकडा कळणार डिस्चार्जच्या दिवशी. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली हेच मांडलं होतं. आजार कधी येईल याचा नेम नाही आणि देणाऱ्याला जेवढं कळतं तेवढं घेणाऱ्याला कळत नाही, म्हणून उपचारांचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. पुढे त्याला नोबेल मिळालं. काउंटरवर आम्हाला ते रोज दिसायचं.

दीर म्हणतात ती सोय म्हणजे खासगी विमा. तो बिनकामाचा नाही, पण त्याला परवडतो निरोगी माणूस. आधीचा आजार असेल तर हप्ता वाढव, नाहीतर तो आजारच वगळ. हप्ते वाढले की ठणठणीत माणसं बाहेर पडतात, आजारी उरतात आणि हप्ते आणखी चढतात. शिवाय अटी! काही पॉलिसींत ठरलेल्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, तर फक्त खोलीभाडं कापलं जात नाही. बिलातल्या इतर बऱ्याच खर्चांवरही त्याच प्रमाणात कात्री लागते. “साधी खोली रिकामी नव्हती हो,” असं काकुळतीने सांगणारे नातेवाईक मला अजून आठवतात. कागदावर तसा रकानाच नसायचा.

म्हणून सगळ्यांना एकाच हिशेबात आणावं लागतं, सक्तीने, आणि पैसे आजार येण्याआधी, ऐपतीप्रमाणे घ्यावे लागतात. मला एवढंच म्हणायचं आहे. यासाठी सगळी रुग्णालयं सरकारीच हवीत असं मुळीच नाही. जर्मनीत १८८३ साली तिथल्या सरकारचा प्रमुख बिस्मार्क याने कामगारांसाठी आजारविमा सक्तीचा केला, तो समाजवाद्यांच्या शिडातली हवा काढण्यासाठी. तिथे आजही एक सरकारी तिजोरी नाही, अनेक विमा निधी आहेत. तैवानने १९९५ साली सगळ्या नागरिकांना एका विम्यात आणलं. रुग्णालयं बहुतेक खासगीच राहिली. थायलंडने २००१ साली एका भेटीला ३० बाट एवढ्या नाममात्र पैशांत उपचार द्यायला सुरुवात केली, आणि तेव्हा तो काही श्रीमंत देश नव्हता. कॅनडातल्या सॅस्केचवान प्रांतात १९६२ साली अशी योजना आली तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. आज त्याच धर्तीची योजना सगळ्या कॅनडात आहे.

आता रांगा. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. तीन वर्षांतच चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क लावायचं ठरलं आणि ती सेवा उभी करणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी राजीनामा दिला. म्हणजे पैशांची ओढाताण पहिल्यापासूनची. करोनानंतर इंग्लंडमधली प्रतीक्षायादी ७० लाखांच्या वर गेली. गुडघा बदलायला महिनोन्‌महिने थांबणाऱ्याला त्या सेवेचं कौतुक सांगून काय उपयोग? सरकारने पैसा आणि माणसं दिली नाहीत, तर अशी सेवा आतून पोखरते. पण पैशाअभावी जो दवाखान्याची पायरीच चढत नाही, तो कुठल्याच यादीत दिसत नाही. दीर त्याला मोजत नाहीत.

उधळपट्टीचीही तपासणी झाली आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकात रँड या संस्थेने काही कुटुंबांना मोफत उपचार दिले, काहींना खर्चाचा वाटा उचलायला लावला. वाटा उचलणाऱ्यांनी उपचार कमी घेतले खरे. पण अनावश्यक उपचारांबरोबर गरजेचे उपचारही जवळपास तेवढेच टाळले. गरीब घरांतल्या रक्तदाबाच्या रुग्णांना त्याचा फटका बसला. सिगारेट ओढणाऱ्याचं म्हणाल, तर त्याच्याकडून तंबाखूवरच्या करातून आधीच वसूल करता येतं. वॉर्डात खाटेशी उभं राहून कुणाचा आजार लायकीचा हे ठरवायला मला तरी आवडणार नाही.

तुमच्या बिलाचं. रुग्णालयाकडून एकेका बाबीची फोड असलेलं बिल मागून घ्या. ते डिस्चार्ज समरी आणि औषधांच्या नोंदींशी ताडून पाहा. एकच तपासणी दोनदा लागणं किंवा परत केलेली औषधं वजा न होणं हे मी स्वतः पाहिलं आहे. विमा कंपनीने जे कापलं त्याचं कारण लेखी मागा, पॉलिसीतल्या कलमासकट, आणि पटलं नाही तर कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखीच जा. तोंडी बोलण्याची नोंद कुठेच राहत नाही. रुग्णालयाची जी रक्कम बाकी आहे तिच्यासाठी हप्ते मागा. काउंटरवरच्या मुलाला तो अधिकार नसतो, म्हणून अर्ज थेट प्रशासकाच्या नावाने द्या आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका. क्रेडिट कार्डाने मात्र हे बिल भरू नका.